दाखला कुणाच्या बाजूने? : कुष्ठरुग्णांच्या नजरेतून डॉक्टर

वैद्यकाचा इतिहास बहुधा डॉक्टरांच्या बाजूने लिहिला गेला आहे. जंतू कुणी शोधला, औषध कुणी तयार केले, साथ कशी आटोक्यात आली, हे त्यात क्रमवार सापडते. रोग्याला आपल्या डॉक्टरांबद्दल काय वाटत होते याची नोंद मात्र क्वचितच मिळते. रोगी बरा झाला की कामाला लागतो, नाही तर मरण पावतो. दोन्ही प्रकारांत तो लिहायला बसत नाही.

कुष्ठरोग हा याला मोठा अपवाद आहे. या रोगाची माणसे वर्षानुवर्षे, पुष्कळदा जन्मभर, एकाच आवारात ठेवली गेली. त्यातून त्यांचे शेजार तयार झाले, संघटना उभ्या राहिल्या, नियतकालिके निघाली, खटले दाखल झाले. कातडीच्या रोगाचे आणखी एक वेगळेपण आहे. हृदयविकार डॉक्टरांनी सांगेपर्यंत कुणाला कळत नाही. कातडीवरचा डाग मात्र शेजारी, नातलग आणि रस्त्यावरचा माणूस डॉक्टरांच्या आधी पाहतो आणि आपापला निकाल देऊन मोकळा होतो. त्यामुळे असा रोगी दवाखान्यात येतो तो केवळ औषधासाठी येत नाही. जगाने दिलेल्या निकालाविरुद्ध त्याला डॉक्टरांचा दाखला हवा असतो. हा दाखला डॉक्टरांनी कुणाच्या बाजूने दिला, यावरच रुग्णांनी त्यांची किंमत केली, असे गेल्या दीडशे वर्षांची कागदपत्रे पाहताना दिसते.

बर्गेनचा खटला

नॉर्वेतील बर्गेन हे एकोणिसाव्या शतकात कुष्ठरोग संशोधनाचे मुख्य केंद्र होते. तेथील डॉ. डॅनियलसन यांना हा रोग आनुवंशिक वाटे. तो संसर्गाने होत नाही हे दाखवण्यासाठी त्यांनी रुग्णाच्या शरीरातील द्रव्य स्वतःला टोचून घेतले होते. त्यांचेच जावई गेरहार्ड आर्मौर हॅन्सन यांनी १८७३ साली रुग्णांच्या गाठींत जंतू पाहिले आणि सासऱ्यांचे मत खोटे ठरवले. परंतु हा जंतू प्रयोगशाळेत वाढेना, प्राण्यांत रुजेना. रोगाचे कारण तोच, हे सिद्ध व्हायचे राहिले.

नोव्हेंबर १८७९ मध्ये हॅन्सन यांनी रुग्णालयातील एका स्त्रीच्या डोळ्यात दुसऱ्या प्रकारच्या कुष्ठाचे द्रव्य टोचले. तिची संमती घेतली नव्हती. मागितली असती तर ती मिळाली नसती याची त्यांना कल्पना होती. प्रयोगातून काही निष्पन्न झाले नाही, पण प्रकरण न्यायालयात गेले. ३१ मे १८८० रोजी निकाल लागला आणि हॅन्सन यांना त्या रुग्णालयातील पद सोडावे लागले. देशाच्या कुष्ठरोग विभागाचे प्रमुखपद मात्र त्यांच्याकडेच राहिले. सासऱ्यांनी स्वतःच्या अंगावर केलेला प्रयोग जावयाने रुग्णावर केला. एका कुष्ठरुग्ण स्त्रीच्या शरीरावर तिचा अधिकार आहे, असे न्यायालयाने मान्य केले, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती.

मुंबईचे आवार

बर्गेनचा धागा मुंबईपर्यंत येतो तो डॉ. हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांच्यामुळे. जगभर वापरल्या गेलेल्या ‘ग्रेज ॲनाटॉमी’ या ग्रंथातील चित्रे कार्टर यांनी काढलेली आहेत. १८५८ साली ते मुंबईत आले, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागले आणि कुष्ठरोगाच्या अभ्यासात बुडाले. त्यांनी नॉर्वेला जाऊन तेथील पद्धत पाहिली आणि हिंदुस्थानातही रुग्णांना वेगळे ठेवावे, असा आग्रह धरला. त्यांनी काढलेली रुग्णांची चित्रे बारकाईची आहेत. चित्रातला माणूस चित्रकाराविषयी काय म्हणत होता, हे मात्र त्यांतून कळत नाही.

नोव्हेंबर १८९० मध्ये माटुंग्याला निराधार कुष्ठरुग्णांसाठी आश्रम उघडला. त्यामागे पालिका आयुक्त एच. ए. ॲकवर्थ होते. मराठी वाचकाला हे नाव दुसऱ्या कारणाने माहीत असते: शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध करणारे ॲकवर्थ ते हेच. ज्यांनी गोंधळी-शाहिरांच्या तोंडचे शब्द टिपून ठेवले, त्यांच्याच आश्रमातील पहिल्या रहिवाशांचे शब्द टिपायचे राहून गेले.

त्याच सुमारास, १८९०-९१ मध्ये, कुष्ठरोग आयोगाने देशभर फिरून अहवाल दिला. संसर्गाचा धोका फार थोडा आहे आणि सक्तीने वेगळे ठेवण्याचे समर्थन करता येत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. तरीही १८९८ चा कुष्ठरोगी कायदा झाला. या कायद्याखाली भीक मागणाऱ्या, निर्वाह नसलेल्या रुग्णाला पोलीस वॉरंटविना पकडू शकत. मग सरकारी डॉक्टर त्याला तपासून दाखला देत आणि त्या दाखल्यावर मॅजिस्ट्रेट त्याची रवानगी आश्रमात करत. पैसेवाल्या रुग्णाला मात्र हा कायदा हात लावत नव्हता. गरीब रुग्णाच्या दृष्टीने तपासणारा डॉक्टर आणि पकडणारा शिपाई यांच्यात फरक उरला नाही. हा कायदा रद्द व्हायला २०१६ साल उजाडले.

कारव्हिलचे वृत्तपत्र

रुग्णाचा आवाज स्वच्छ ऐकू येतो तो अमेरिकेतील लुइझियाना राज्यात. मिसिसिपी नदीकाठच्या कारव्हिल येथील एका ओसाड मळ्यात १८९४ साली पहिले सात रुग्ण रात्री बार्जमधून आणले गेले. १९२१ मध्ये ही संस्था केंद्र सरकारने ताब्यात घेतली. आवाराला काटेरी तारांचे कुंपण होते. रुग्णांची पत्रे निर्जंतुक करून बाहेर जात. मतदानाचा हक्क नव्हता. घरच्यांना त्रास नको म्हणून बहुतेक जण आत येताना नवे नाव घेत.

१९३१ साली टेक्सासमधला एक औषधविक्रेता तेथे दाखल झाला आणि त्याने स्टॅनली स्टाइन हे नाव घेतले. त्याच वर्षी त्याने रुग्णांचे वृत्तपत्र काढले. मध्यंतरी ते बंद पडले, पण १९४१ पासून ‘द स्टार’ या नावाने पुन्हा निघू लागले. तोवर स्टाइनची दृष्टी गेली होती. मजकूर ऐकून आणि सांगून तो अंक काढत असे. हे वृत्तपत्र देशोदेशी जाऊ लागले.

‘स्टार’चा पहिला झगडा एका शब्दाशी होता. ‘लेपर’ हा शब्द माणसाचे सगळे अस्तित्व रोगात बुडवतो, म्हणून तो टाकून द्यावा आणि रोगाला ‘हॅन्सनचा रोग’ म्हणावे, ही मागणी स्टाइनने अखेरपर्यंत लावून धरली. अनेक तज्ज्ञ डॉक्टरांना ही मागणी अनावश्यक वाटत होती. नाव बदलल्याने रोग बदलत नाही, असा त्यांचा युक्तिवाद असे. पण रोग्याला होणारा निम्मा त्रास नावातूनच होतो, हे रोग्याला कळत होते. १९४८ साली हवाना येथील आंतरराष्ट्रीय परिषदेने ‘लेपर’ शब्द सोडून देण्याची शिफारस केली. रुग्णांनी मांडलेले म्हणणे तज्ज्ञांच्या परिषदेने ठराव करून स्वीकारले. पुढे १९९५ मध्ये ब्राझीलने कायदा करून सरकारी व्यवहारातून जुना शब्दच काढला. आपली सुटका करण्यासाठी रुग्णांनी जे नाव निवडले, ते न विचारता रुग्णाच्या डोळ्यात सुई घालणाऱ्या डॉक्टरांचे होते. यामागे विस्मरण असेल किंवा निकड. जंतूचे नाव घेतले की हा शाप नसून इतरांसारखाच एक रोग आहे हे आपोआप सांगितले जाते, आणि तेवढ्यासाठी त्यांना ते नाव पुरेसे होते.

डॉक्टरांवरचा विश्वासही कारव्हिललाच वाढला. तोवर उपचार म्हणजे चालमोगऱ्याचे तेल. याच कुळातल्या, सह्याद्रीत वाढणाऱ्या कडू कवठाचे तेल आपल्याकडेही वापरात होते. पोटात घेतले तर मळमळ आणि टोचून घेतले तर असह्य वेदना. गुण येईलच असे नाही. मार्च १९४१ मध्ये डॉ. गाय फाजे यांनी प्रॉमिन हे सल्फोन वर्गातले औषध शिरेतून द्यायला सुरुवात केली. हा प्रयोग स्वखुशीने पुढे आलेल्या रुग्णांवर झाला. काही महिन्यांत जखमा भरू लागल्या, गाठी विरू लागल्या. बरे होणारे शेजारी रुग्णांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आणि मग इतरांनीही औषध मागितले. बर्गेन आणि कारव्हिल या दोन्ही ठिकाणी सुईच होती, पण कारव्हिलला हात रुग्णाने आपण होऊन पुढे केला होता. १९४६ मध्ये मतदानाचा हक्क मिळाला.

जपानचे दोन डॉक्टर

प्रॉमिनची बातमी जपानी आरोग्यधामांत पोहोचली तेव्हा तेथे डॉ. मित्सुदा केन्सुके यांचा शब्द प्रमाण होता. कुष्ठरोगातील ‘मित्सुदा चाचणी’ त्यांच्याच नावाने ओळखली जाते. काही रुग्ण त्यांना वडिलांच्या जागी मानत, हेही खरे. पण १९१५ पासून, आरोग्यधामात लग्न करायचे तर पुरुषाने नसबंदी करून घ्यावी, ही प्रथा त्यांनीच सुरू केली. १९१६ नंतर संचालकांना रुग्णांना कोंडून ठेवण्याचाही अधिकार मिळाला. कुसात्सु येथील कोठडीत १९३८ ते १९४७ या काळात वीसहून अधिक रुग्ण दगावले.

त्याच देशात क्योटोच्या विद्यापीठात डॉ. ओगासावारा नोबोरु कुष्ठरुग्णांना बाह्यरुग्ण विभागात तपासत होते. रोगाचा संसर्ग क्षीण आहे, घरी राहून उपचार शक्य आहेत, असे ते सांगत. १९४१ मध्ये त्यांच्याच व्यवसायातील मंडळींनी परिषदेत त्यांचे म्हणणे मोडीत काढले.

युद्धानंतर जपानमध्ये प्रॉमिन बनू लागले. ते सर्वांना मिळावे म्हणून रुग्णांनी १९४८ पासून चळवळ केली, उपोषणे केली आणि सरकारला तरतूद करायला लावली. १९५१ मध्ये त्यांची देशव्यापी संघटना झाली. औषध आले, आता दारे उघडतील, अशी त्यांची अपेक्षा होती. त्याच वर्षी मित्सुदा आणि आणखी दोन संचालकांनी संसदेपुढे साक्ष दिली ती मात्र सक्ती अधिक कडक करण्याच्या बाजूने. त्याच वर्षी मित्सुदा यांना संस्कृती-सन्मान हा देशाचा मोठा किताबही मिळाला. रुग्णांच्या निदर्शनांना न जुमानता १९५३ चा कायदा झाला आणि १९९६ पर्यंत टिकला. १९९८ मध्ये तेरा जणांनी सरकारवर दावा लावला. ११ मे २००१ रोजी कुमामोतो न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. निदान १९६० नंतर तरी या कोंडवाड्याला कोणताही आधार नव्हता, असे न्यायालयाने म्हटले. सरकारने अपील केले नाही. जपानी रुग्णांचा राग मूर्ख किंवा निर्दय डॉक्टरांवर नव्हता. आयुष्यभर आपल्यात राहिलेल्या, आपल्यासाठी राबलेल्या माणसाने नेमक्या वेळी आपल्याविरुद्ध साक्ष दिली, हे त्यांना सलत राहिले.

आपल्याकडे

महाराष्ट्रात आणखी वेगळे घडले. येथे कुष्ठरुग्णांनी विश्वास टाकला तो आधी डॉक्टर नसलेल्यांवर. विनोबांच्या प्रेरणेने १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरला काम सुरू करणारे मनोहर दिवाण वैद्यकशास्त्र शिकलेले नव्हते. सेवाग्रामला आलेल्या परचुरे शास्त्रींना गांधीजी स्वतः मालिश करत. बाबा आमटे वकील होते. १९४९ मध्ये कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगाचे शिक्षण घेताना त्यांनी जंतू टोचून घेण्यासाठी आपले शरीर देऊ केले. शंभर वर्षांपूर्वी डॅनियलसन यांनी केले तेच हे. या तिघांच्या कृतीत औषध दुय्यम होते आणि स्पर्श हाच दाखला होता. मात्र आपल्याकडे सेवकांची चरित्रे सहज सापडतात. ‘स्टार’सारखे रुग्णांनी चालवलेले, डॉक्टरांना जाब विचारणारे पत्र मराठीच्या वाचनात आले नाही.

शब्दांचा प्रश्न मराठीतही आहेच. ‘महारोगी’ जाऊन ‘कुष्ठरुग्ण’ आला, तो याच जाणिवेतून. पण ‘कुष्ठ’पासूनच झालेला एक शब्द वेगळ्या वाटेला गेला. हिंदीत ‘कोढ़’ म्हणजे कुष्ठरोग. मराठीत ‘कोड’ म्हणजे अंगावरचे पांढरे डाग. त्याला ‘श्वेतकुष्ठ’ म्हणण्याचीही पद्धत होती. कोड संसर्गजन्य नाही, त्याने बधिरता येत नाही, अवयव झडत नाहीत. तरी केवळ नावाच्या नात्याने दुसऱ्या रोगाची सगळी भीती या डागांना चिकटली आणि कितीतरी लग्ने त्यावरून मोडली. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी कोड असलेल्यांसाठी ‘श्वेता’ हा स्वमदत गट उभा केला. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘नितळ’ (२००६) या चित्रपटाची नायिका स्वतः डॉक्टर आहे आणि तिच्या अंगावर कोड आहे. डॉक्टर आणि रोगी अशी विभागणी तेथे पुसली जाते. डाग घालवण्यापेक्षा डागाकडे पाहणारी नजर बदलणे ही त्यातली खरी बाब ठरते.

बहुविध औषधोपचाराची शिफारस १९८१ मध्ये झाली आणि कुष्ठरोग महिन्यांच्या हिशेबात बरा होऊ लागला. तरीही कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून आपल्या कायद्यात २०१९ पर्यंत होते. वैद्यकाने हा रोग बरा होतो असे सांगितल्यानंतर कायद्याला ते ऐकायला जवळजवळ चार दशके लागली. या मधल्या काळात ज्या डॉक्टरांनी नुसती गोळ्यांची पाकिटे दिली आणि ज्यांनी रुग्णाच्या घरी, शाळेत, कचेरीत जाऊन ‘हा बरा झाला आहे, याला कामावर घ्या’ असे सांगितले, ते दोघेही आपापल्या परीने कर्तव्यच करत होते. रुग्णांच्या आठवणीत घर करून राहिले ते दुसरे.