दातांचे शुभ्रीकरण

दातांचे शुभ्रीकरण म्हणजे नैसर्गिक दाताचा मूळ रंग रासायनिक प्रक्रियेने फिका करण्याचा दंतवैद्यकीय उपचार होय. बोलीभाषेत त्याला 'दात पांढरे करून घेणे' किंवा 'ब्लीचिंग' म्हणतात. दातांवर साचलेले कीटण व डाग काढणे म्हणजे दंतस्वच्छता, अर्थात 'स्केलिंग'. हा त्याहून वेगळा उपचार आहे. महाराष्ट्रात दात काळे किंवा तपकिरी दिसतात म्हणून दवाखान्यात येणाऱ्यांपैकी अनेकांचे काम केवळ स्वच्छतेने भागते. या दोन उपचारांची गल्लत झाल्यास पैसा वाया जातो, आणि घरगुती उपायांनी ती झाल्यास दातांचेच नुकसान होते.

रंगाची कारणे

दाताचे बाहेरचे आवरण म्हणजे दंतवल्क (इनॅमल). ते शरीरातील सर्वांत कठीण द्रव्य असून अर्धपारदर्शक असते. त्याखालील दंतिन पिवळसर असते आणि दाताचा रंग मुख्यतः त्याचाच दिसतो. त्यामुळे निरोगी दात किंचित पिवळट असणे स्वाभाविक आहे. वयाबरोबर दंतवल्क झिजून पातळ होते व दंतिन जाड आणि गडद होत जाते. साठीनंतर पिवळेपणा वाढतो तो यामुळे. त्यामागे अस्वच्छता असतेच असे नाही.

बाहेरून लागणारे डाग चहा, कॉफी, विडा, तंबाखू आणि मिश्री यांचे असतात. वसईच्या किनारपट्टीवर पानवेलीची शेती पूर्वापार चालत आली आहे आणि विड्याचे पान हे तेथील एक ओळखीचे पीक आहे. नुसत्या पानाने दात फारसे रंगत नाहीत; कात, चुना व सुपारी यांच्या संयोगाने येणारा लाल-तपकिरी थर दातांच्या फटींत आणि हिरडीलगत घट्ट बसतो.

आतून येणाऱ्या रंगाची कारणे निराळी असतात. दात घडण्याच्या वयात टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक दिले गेल्यास दातांवर करडे किंवा तपकिरी आडवे पट्टे उमटतात. मार लागून आतील रक्तवाहिन्या व चेतातंतू मृत झाल्यास एखादाच दात काळवंडतो. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असल्यास दातांवर खडूसारखे पांढरे किंवा तपकिरी चट्टे पडतात. चंद्रपूर, यवतमाळ व नांदेड या जिल्ह्यांतील काही भागांत हा विकार आढळतो. त्यात सरसकट शुभ्रीकरण केल्यास पांढरे चट्टे सुरुवातीला अधिकच उठून दिसू शकतात, म्हणून अशा रुग्णासाठी उपचार निराळा आखावा लागतो.

दातवण, राखुंडी आणि मिश्री

पांढऱ्या दातांचे आकर्षण जुने आहे. दातांना कुंदकळ्यांची व डाळिंबाच्या दाण्यांची उपमा देण्याचा संकेत सर्वपरिचित आहे. तथापि सौंदर्याची कल्पना सर्वत्र एकच नव्हती. महाराष्ट्रात स्त्रिया दातवण नावाचे काळे, तुरट चूर्ण दातांना लावीत, तर उत्तर हिंदुस्थानात मिस्सी प्रचलित होती. जपानमध्ये दात काळे करण्याची 'ओहागुरो' ही प्रथा होती. 1870 मध्ये तेथील शासनाने उमराव वर्गाला ती सोडावयास लावली.

आयुर्वेदात दंतधावनासाठी काष्ठ सांगितले आहे. सुश्रुतसंहितेत कडू रसात निंब, तुरट रसात खदिर, गोड रसात मधूक आणि तिखट रसात करंज श्रेष्ठ मानला आहे. या उपचारांचा हेतू मुखशुद्धी हा होता. दाताचा मूळ रंग बदलणे हा नव्हता.

घरोघरी पुढे राखुंडी आली. गोवरीची राख, लाकडी कोळशाची पूड, मीठ, क्वचित विटेची भुकटी यांनी दात घासले जात. खरखरीत पुडीने वरचा डाग निघतो व दात पहिल्या दिवशी उजळ दिसतात, आणि म्हणूनच तिच्यावर विश्वास बसतो. मात्र त्याबरोबर दंतवल्कही घासले जाते, आणि एकदा झिजलेले दंतवल्क पुन्हा तयार होत नाही. ते पातळ झाले की खालचे पिवळे दंतिन अधिक दिसू लागते, दात पिवळे दिसतात म्हणून माणूस आणखी जोराने घासतो. आजकाल आकर्षक डब्यांतून विकली जाणारी कोळशाची मंजने ही त्याच राखुंडीची नवी आवृत्ती आहे.

मिश्रीचा प्रश्न यापेक्षा गंभीर आहे. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून तिची पूड करतात व बोटाने दात-हिरड्यांवर चोळतात. ग्रामीण महाराष्ट्रात तसेच मुंबईच्या श्रमिक वस्त्यांत, विशेषतः स्त्रियांमध्ये, ही सवय दिसून येते. दात घासण्याचे साधन म्हणून सुरू झालेली मिश्री दिवसातून अनेकदा लावली जाते, कारण निकोटिनची तलफ लागलेली असते. तिने दात काळे पडतात, हिरड्या मागे सरतात, आणि धूरविरहित तंबाखूमुळे तोंडाचा कर्करोग होतो हे सिद्ध झालेले आहे. मुंबईतील 1217 गर्भवती स्त्रियांच्या पाहणीत (2004 मध्ये प्रसिद्ध) धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी 105 ग्रॅमने कमी भरले. त्या मातांपैकी बहुतेकींना मिश्रीची सवय होती. भारतात 1992 पासून टूथपेस्ट व दंतमंजनात तंबाखू वापरण्यास मनाई आहे. घरी भाजलेल्या मिश्रीपर्यंत हा नियम पोहोचत नाही.

मिश्री सोडण्यापूर्वी केलेले शुभ्रीकरण टिकत नाही. शिवाय काळ्या थराखाली हिरडीचा आजार किंवा तोंडातील पांढरा चट्टा दडलेला असू शकतो. त्यामुळे अशा रुग्णाच्या तोंडाची तपासणी हेच दंतवैद्याचे पहिले काम ठरते.

उपचाराची पद्धत

शुभ्रीकरणासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा कार्बामाइड पेरॉक्साइड वापरतात. दुसरे द्रव्य तोंडात विघटित होऊन पहिलेच द्रव्य देते. 10 टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडपासून सुमारे 3.5 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड मिळते. ते दंतवल्कातून दंतिनात झिरपते व तेथील रंगद्रव्यांच्या मोठ्या रेणूंचे तुकडे करते. दात खरवडला जात नाही. राखुंडीपेक्षा ही क्रिया मुळातच वेगळी आहे.

प्रथम तपासणी होते. किडलेले दात आधी भरून घ्यावे लागतात, कारण किडीच्या छिद्रातून द्रव्य थेट आतल्या चेतातंतूपर्यंत जाते. नंतर दंतस्वच्छता करून छटापट्टीशी दाताचा रंग ताडून पाहतात. प्रचलित छटापट्टीत 16 छटा असतात. पिवळट व तपकिरी दात चांगला प्रतिसाद देतात. करडे दात मंद गतीने उजळतात आणि टेट्रासायक्लिनचे पट्टे जाण्यास काही महिनेही लागतात.

दवाखान्यातील पद्धतीत ओठ दूर धरून हिरड्यांवर संरक्षक थर देतात आणि 25 ते 40 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचा लेप दातांवर लावतात. 15-20 मिनिटांच्या दोन-तीन फेऱ्या होतात. त्यावर निळ्या प्रकाशाचा दिवा धरण्याची पद्धत आहे, पण दिव्यामुळे अंतिम परिणामात खात्रीशीर भर पडते असे दिसून आलेले नाही. घरी करावयाच्या पद्धतीत दातांच्या मापाचा पातळ साचा बनवून देतात. त्यात सौम्य जेल घालून तो साधारण दोन आठवडे रोज रात्री वापरतात. 1989 मध्ये हेवूड व हेमन या अमेरिकी दंतवैद्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. ती संथ असली तरी कळा कमी येतात. मृत झालेला एकच दात असल्यास नळीउपचारानंतर आतून द्रव्य ठेवून तो उजळवता येतो.

कॅप, कृत्रिम दात व दातात भरलेले मसाले यांचा रंग शुभ्रीकरणाने बदलत नाही. पुढच्या दातावर कॅप असलेल्याने हे आधीच समजून घेतले नाही, तर भोवतीचे दात उजळतात आणि कॅप तेवढी पिवळी उरते. दातरंगी मसाला भरायचा असल्यास शुभ्रीकरणानंतर एक-दोन आठवडे थांबतात, कारण दातात उरलेल्या ऑक्सिजनमुळे तो नीट चिकटत नाही.

युरोपीय संघाच्या 2011 च्या निर्देशानुसार 0.1 ते 6 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड असलेली शुभ्रीकरणाची उत्पादने केवळ दंतवैद्यांना विकता येतात आणि 18 वर्षांखालील व्यक्तींवर वापरता येत नाहीत. गर्भवती व स्तनदा स्त्रियांनी हा उपचार पुढे ढकलावा, असा सर्वसाधारण सल्ला दिला जातो. भारतात दंतवैद्यकाचा व्यवसाय करण्यासाठी नोंदणी आवश्यक आहे. सौंदर्यप्रसाधनगृहात असा लेप लावून घेणे धोक्याचे आहे, कारण तीव्र द्रव्याने हिरडी भाजते आणि कीड ओळखणारे तेथे कोणी नसते. सांडोर व वसई-विरार परिसरातील रुग्णाला खाजगी दवाखान्याखेरीज मुंबईतील शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलजवळील नायर रुग्णालय दंत महाविद्यालय येथे लोकलने जाऊन सल्ला घेता येतो.

नंतरची काळजी

उपचारानंतर थंड पाणी किंवा वारा लागताच दातांतून सणक जाणे ही सर्वांत सामान्य तक्रार आहे. ती बहुधा काही दिवसांत शमते. पोटॅशियम नायट्रेट असलेली टूथपेस्ट आणि फ्लोराइडचा लेप यांनी आराम पडतो. हिरडीवर पांढरा डाग पडल्यास तोही साधारणतः थोड्या दिवसांत जातो. दुखणे वाढत राहिल्यास पुन्हा दाखवावे.

उपचाराच्या दिवशी दात जरा कोरडे पडल्यामुळे अधिक पांढरे दिसतात. पुढील आठवड्याभरात छटा थोडी खाली येते. यात फसवणूक नाही. खरा रंग त्यानंतरच ठरतो.

पहिले एक-दोन दिवस चहा, कॉफी, हळदीची आमटी, बीट, आमसुलाचे सार, विडा व तंबाखू टाळण्यास सांगतात. दहीभात, तांदळाची भाकरी, इडली, केळे असा आहार सोयीचा होतो. या पथ्याने अंतिम रंगात फारसा फरक पडत नाही असे काही अभ्यासांत दिसले आहे. तथापि सणक असताना लिंबू, कोकम यांसारखे आंबट पदार्थ टाळल्याने त्रास नक्की कमी होतो. आंबट खाल्ल्यावर लगेच दात घासू नयेत. चूळ भरून अर्धा तास थांबावे.

पुढे मऊ ब्रश व दहा लाख भागांत 1000 ते 1500 भाग फ्लोराइड असलेली टूथपेस्ट दिवसातून दोनदा पुरेशी असते. शुभ्रता कायमची नसते. ती सवयींप्रमाणे काही महिने ते दोन-तीन वर्षे टिकते. छटा उतरल्यावर तो साचा जपून ठेवला असल्यास दंतवैद्याच्या सल्ल्याने काही रात्री पुन्हा वापरता येतो. म्हणून साचा थंड पाण्याने धुऊन, कोरडा करून डबीत ठेवावा. गरम पाण्याने त्याचा आकार बिघडतो व तो दातांवर बसत नाही.