सुरतेची जर आणि पांडेसराचे हात

सुरत म्हटले की मराठी माणसाला १६६४ आणि १६७० आठवते. महाराजांच्या दोन स्वाऱ्या, संपले. आम्हा गोवेकरांनी १५३० सुद्धा लक्षात ठेवायला हवे, कारण त्या साली पोर्तुगिजांनी हे बंदर जाळले होते. एवढे सोसूनही सुरत टिकली ती काय फक्त शेठजींमुळे? गल्लीबोळातल्या कारागिरांना याचे श्रेय क्वचितच मिळते. येवल्याच्या पैठणीत चमकणारी जर बरीचशी सुरतेहूनच येते, हे तरी कितीजणांना ठाऊक असते!

२०२३ च्या डिसेंबरात रजा टाकून तिकडे गेलो होतो. मुक्काम पांडेसरात, एका खानदेशी स्नेह्याच्या घरी. त्यांनीच जुन्या शहरातल्या एका राणा कुटुंबाचा कारखाना दाखवला. कारखाना म्हणजे राहत्या घराचा खालचा मजला. चांदीची तार एकाहून एक बारीक छिद्रांतून ओढत केसाएवढी करायची. मग ती चपटी करायची, तो बादला. बादला रेशमी धाग्यावर गुंडाळायचा, म्हणजे झाला कसब, आणि शेवटी सोन्याचा मुलामा. म्हाताऱ्या मालकांनी दोन रिळे माझ्या हातात ठेवली. "हाथमां लो, एटले खबर पडशे." डोळ्यांना दोन्ही सारखीच, पण खऱ्या जरीचे रीळ तळहातावर जड लागले आणि प्लास्टिकचे अगदी फूल. मधल्या काळात चांदीची जागा तांब्याने घेतली, मग तांब्याची प्लास्टिकने. सुरतेच्या जरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण मानांकनाने गिऱ्हाईक येतेच असे नाही.

जपानी लोक याबाबतीत हुशार. क्योतोच्या निशिजिन भागात सोन्याचा वर्ख लावलेला कागद सुतासारखा कापून कापडात विणतात, आणि पाहुण्यांना चक्क मागावर बसवतात. पारंपरिक हस्तोद्योगांसाठी त्यांनी १९७४ सालीच कायदा केला. आपल्याकडे पाहुणा दुकानात जातो, भाव पाडतो आणि परत फिरतो. असो.

मला अधिक शिकवले ते पांडेसराने. रंगाई-छपाईच्या गिरण्या, यंत्रमागांचा खडखडाट, आणि उधना-जळगाव रेल्वेमार्गाने पिढ्यानपिढ्या येत राहिलेली खानदेशी माणसे. रस्त्यावर गुजरातीइतकीच अहिराणी आणि उडिया कानी पडते. घरोघरी बायका साड्यांना खडे चिकटवतात, लटकते धागे कापतात. मजुरी नगावर. वहिनींनी मलाही शेजारी बसवले. काडीच्या टोकावर जेमतेम डिंक घ्यायचा, खडा टेकवायचा, बोट लगेच उचलायचे. जास्त झाला तर डाग आणि साडीचे पैसे कापले जातात. तासाभरात माझी पाठ धरली. वहिनी रोज जेवणे उरकून मध्यरात्रीपर्यंत बसतात.

जर ओढणाऱ्याला निदान कारागीर म्हणतात. वहिनींना काय म्हणायचे? मी विचारले, तर त्या हसून म्हणाल्या, "कारागीर कसली भाऊ, घरीच तर असते मी."

तेवढ्यात ठेकेदाराचा पोरगा दारात बारा साड्यांचा नवा गठ्ठा टाकून गेला. उद्या सकाळी हव्या होत्या.