मृदंगाची थाप, दिंडीची चाल



दिंडीला शंभर वर्षं झाली. या शंभर वर्षांत विणा कुणाकुणाच्या गळ्यात होता, हे आपल्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ आहे. मृदंग कुणी वाजवला, हे मात्र पटकन आठवत नाही. आणि खरं पाहिलं तर तेच बरोबर आहे. ज्याच्या थापेवर सगळे चालले पण ज्याच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही, तो मृदंगी चांगला, असं जुनी माणसं म्हणत.

वारीला आजची शिस्त लावली ती हैबतरावबाबा आरफळकरांनी. बाबा मूळचे सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे. ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडे सरदारी करून ते आळंदीला माउलींच्या पायाशी आले आणि १८३२ च्या सुमारास त्यांनी पालखी सोहळ्याची घडी बसवली. लष्करात राहिलेला माणूस. त्यामुळे दिंड्यांचा क्रम, चोपदार, मुक्काम, निघण्याची वेळ सगळं नेमानं ठरलं. रथापुढच्या दिंड्या सत्तावीस, प्रत्येकीची जागा पक्की. पण हजारो पावलं एका चालीत पडायची तर नुसता हुकूम पुरत नाही. ते काम टाळ आणि मृदंग करतात.

पूर्वी हे शिक्षण गावच्या मारुतीच्या देवळात व्हायचं. शेतातलं काम उरकून, हातपाय धुऊन पोरं बसायची. पहिल्याच दिवशी मृदंगाला हात लावू देत नसत. आधी बोल तोंडानं म्हणायचे, मात्रा टाळीवर मोजायच्या. मग मांडीवर थाप. भजनी ठेक्याच्या आठ मात्रा झोपेतून उठवलं तरी चुकायच्या नाहीत, मग मृदंग पुढ्यात यायचा. तोही आधी लावायला शिकायचा, वाजवायला नंतर. डाव्या पुडीला कणीक किती, ती भिजवायची किती सैल, वादी कुठं ओढायची, गठ्ठा कुठं ठोकायचा, उजवी पुडी विण्याच्या सुराला कशी मिळवायची. वाजवून झालं की कणीक खरवडून, पुडी पुसून, वाद्य गवसणीत. हे न करणाऱ्याला दुसऱ्या दिवशी बसायला जागा मिळत नसे. पुढं १९१७ साली जोग महाराजांनी आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. चार वर्षांचा अभ्यास, नेमाची दिनचर्या. गावोगावच्या पोरांना परंपरा पद्धतशीर शिकायला एक ठिकाण मिळालं.

बसून वाजवणं आणि चालून वाजवणं यात मात्र मोठा फरक आहे. पट्टा गळ्यात, वाद्याचं ओझं पोटावर, वरून पाऊस. हवा दमट झाली की पुडी उतरते, आवाज बसतो. अशा वेळी हात जोरात मारायचा मोह होतो, आणि जोर आला की लय पळते.

माझं स्वतःचंच सांगतो. विशीत होतो. पुणे ते सासवड, वारीतली सगळ्यांत लांब चाल, त्यात दिवे घाट. अंगात रग होती. घाटात मी दुगण धरली, टाळकरी पोरंही नाचायला लागली. मला वाटलं, काय रंग भरलाय! विणेकरी बाबांनी मागं वळून नुसतं बोट दाखवलं. तुळशी डोक्यावर घेतलेल्या आयाबाया आणि चार म्हातारे खूप मागं राहिले होते. एक आजी कठड्याला धरून उभी होती. बाबा एवढंच म्हणाले, “बाळा, तुझी थाप तिच्या पायापर्यंत पोचली पाहिजे.” त्या दिवसापासून मी सगळ्यांत मागच्या माणसाकडे बघून लय धरतो.

दुसरी शिस्त थांबायची. मुक्कामाला समाजआरतीसाठी सगळ्या दिंड्या पालखीभोवती जमतात. टाळमृदंगांचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार चोप उंच करतो आणि क्षणात सगळं शांत होतं. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, तिचेच टाळ वाजत राहतात. चोपदार तिथं जातो, गाऱ्हाणं ऐकतो, मार्ग काढतो. म्हणजे एरवी थापेला थांबता येतं, म्हणूनच न थांबण्याला अर्थ येतो. ज्याचा हात आवरत नाही, त्याचं गाऱ्हाणं कोण ओळखणार?

आज पोरांचे हात आमच्यापेक्षा तयार आहेत. मोबाईलवर ऐकून अवघड तुकडे बसवतात, कौतुक आहे. पण कर्णा लावून जो तो आपला मृदंग पुढं करायला लागला, तर अभंगाचे शब्द बुडतात. आणि शब्द बुडाले तर आपण कशासाठी चाललो? तिहाई जरूर घ्या, पण चरण पुरा होऊ द्या.

शंभरी साजरी करताना माझी एकच विनवणी आहे. प्रत्येक जुन्या मृदंग्यानं गावातलं एक पोर हाताशी धरावं. एकादशीला देवळात बसवावं, आधी टाळी, मग थाप. आणि वारीत त्याला पहिले दोन-तीन दिवस मृदंग न देता दिंडीच्या शेवटी म्हाताऱ्यांबरोबर चालवावं. लय तिथंच कळते.

रामकृष्ण हरी.