फियाट लिनिया टी-जेट : दुर्लक्षित राहिलेली वेगवान सेदान

पुणे जिल्ह्यातील रांजणगावच्या कारखान्यात तयार होणारी लिनिया २००९ मध्ये भारतीय बाजारात आली. टर्बोचार्जर असलेली पेट्रोल टी-जेट २०१० ची. तिचे १,३६८ सीसीचे इंजिन ११४ पीएस शक्ती आणि अवघ्या २,२०० फेऱ्यांना २०७ न्यूटन-मीटर टॉर्क देत असे. त्यामुळे आंबोलीसारख्या घाटात भरलेल्या गाडीलाही वारंवार गियर उतरवावा लागत नसे. चारही चाकांना डिस्क ब्रेक होते. रूप मात्र सौम्य, कौटुंबिक. त्यातून वेगाची कल्पना येत नसे. मायलेजकडे पाहणारा ग्राहक डिझेलकडे वळला, विक्रीपश्चात सेवेविषयीची साशंकताही आड आली. याच इंजिनाची १४५ पीएसची आवृत्ती २०१५ मध्ये अबार्थ पुंटोत बसली, तेव्हा कुठे त्याचे कौतुक झाले. २०१६ मध्ये लिनियाही १२५ पीएसपर्यंत पोहोचली. पण तोवर उशीर झाला होता.