हमीपत्राची वाटचाल

नागपूरच्या दक्षिणेस बुटीबोरीची औद्योगिक वसाहत आहे. समजा, तेथील एखाद्या कामगारानें पुण्याहून दूरचित्रवाणी संच मागविला आणि हमीची मुदत संपण्यापूर्वींच तो बंद पडला. दुकानदार कारखानदाराकडे बोट दाखवितो, कारखानदार दुकानदाराकडे. अशा गृहस्थानें दाद मागावी कोठें?

या प्रश्नाचें उत्तर काळानुसार बदलत आलें आहे. १९३० च्या मालविक्री कायद्यानें ‘अट’ आणि ‘हमी’ यांत भेद केला. अट मोडल्यास माल नाकारतां येतो. हमी मोडल्यास केवळ नुकसानभरपाई मागतां येते, आणि तीहि दिवाणी न्यायालयांत. एका संचासाठीं वकील कोण लावणार?

१९७४ सालीं पुण्यास बिंदुमाधव जोशी यांनीं ग्राहक पंचायतीची चळवळ उभारली. पुढें १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें स्वतंत्र मंच निर्माण केले. दोष काढून द्या, वस्तु बदलून द्या अथवा किंमत परत करा, असे आदेश ते देऊं लागले. तरी प्रतिपक्षाचें कार्यालय वा शाखा जेथें, अथवा तक्रारीचें कारण जेथें घडलें, तेथेंच जावें लागे. २०१९ चा नवा कायदा जुलै २०२० पासून अमलांत आला आणि ही पायपीट थांबली. तक्रारदार जेथें राहतो वा काम करतो, तेथील जिल्हा आयोगाकडे त्याला जातां येतें.

आतां बुटीबोरीच्या गृहस्थास नागपूर गांठलें कीं पुरे. पांच लाखांपर्यंतच्या खरेदीस शुल्क नाहीं. मात्र दोन वर्षांच्या आंत गेलें पाहिजे. पावती व हमीपत्र जपावें आणि संच दुरुस्तीस देतांना तारखेसह लेखी पोच घ्यावी. दोष मुदतींतच दाखवून दिला होता, याचा पुरावा तोच.