नदीपलीकडं मतदारसंघ नको: कॉर्नवॉलच्या लोकांनी आपली जुनी शीव कशी राखली?

गावची शीव कुठं संपते हे गावातल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. मतदारसंघाची रेघ मात्र मतदार मोजून ओढली जाते. या दोन रेघा जुळल्या नाहीत की वाद होतो. असाच एक मोठा वाद इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला असलेल्या कॉर्नवॉलमध्ये झाला. 'आमचा मतदारसंघ नदीपलीकडच्या जिल्ह्याला जोडू नका' एवढीच तिथल्या लोकांची मागणी होती. हा वाद २०१० पासून दहा वर्षं चालला.

कॉर्नवॉल कुठं आहे?

कॉर्नवॉल हा तीन बाजूंनी समुद्र असलेला भाग. चौथ्या बाजूला तमर नदी. ही नदी उत्तर किनाऱ्याजवळ उगम पावते आणि दक्षिणेला प्लिमथजवळ समुद्राला मिळते. त्यामुळं कॉर्नवॉल जवळपास बेटासारखाच वेगळा पडतो. नदीच्या पलीकडं डेव्हन हा शेजारचा जिल्हा.

इसवी सन ९३६ च्या सुमारास इंग्लंडचा राजा अ‍ॅथेलस्टन यानं तमर ही कॉर्नवॉलची हद्द ठरवली, असं परंपरेनं मानलं जातं. मधे काही गावं इकडं-तिकडं झाली, पण बहुतेक हद्द आजही नदीवरूनच जाते. कॉर्नवॉलची स्वतःची कॉर्निश भाषा आहे. काळ्या कापडावर पांढरा क्रॉस असा वेगळा झेंडा आहे. 'मेब्यॉन कर्नो' हा स्थानिक पक्षही १९५१ पासून काम करतो.

वाद कशामुळं पेटला?

२०१० मध्ये ब्रिटनमध्ये आघाडी सरकार आलं. खासदारांची संख्या ६५० वरून ६०० करायची आणि प्रत्येक मतदारसंघात जवळपास सारखे मतदार ठेवायचे, असं सरकारनं ठरवलं. तसा कायदा २०११ मध्ये झाला. सरासरीपेक्षा ५ टक्के कमी किंवा ५ टक्के जास्त, एवढीच सूट ठेवली.

त्यावेळी सरासरी निघाली ७६,६४१ मतदारांची. म्हणजे एका मतदारसंघात कमीत कमी ७२,८१० आणि जास्तीत जास्त ८०,४७३ मतदार.

आता कॉर्नवॉलचा हिशेब बघा. तिथं सहा खासदार होते. सहा जागा ठेवायच्या तर किमान ४,३६,८६० मतदार लागत होते, तेवढे नव्हते. पाच जागा करायच्या तर ४,०२,३६५ पेक्षा जास्त मतदार चालत नव्हते, आणि कॉर्नवॉलमध्ये त्याहून जास्त होते. सहाला कमी, पाचाला जास्त. मग उरलेल्या मतदारांसाठी नदी ओलांडून डेव्हनची गावं जोडण्याशिवाय कायद्यानं वाटच ठेवली नाही. या जोड मतदारसंघाला लोकांनी चिडून 'डेव्हनवॉल' असं नाव ठेवलं.

मोहीम कशी उभी राहिली?

'कीप कॉर्नवॉल होल', म्हणजे 'कॉर्नवॉल अखंड ठेवा', या नावानं मोहीम सुरू झाली. ऑक्टोबर २०१० मध्ये तमरच्या काठावर सॉल्टॅश गावात शेकडो लोक जमले. विशेष म्हणजे सत्ताधारी पक्षांचे स्थानिक खासदारही मोहिमेत होते. पक्ष बाजूला ठेवून माणसं एका मागणीवर आली.

त्यांची मुख्य कारणं अशी:

• खासदाराला दोन वेगळ्या जिल्ह्यांच्या कारभाराशी झुंजावं लागेल. एकाच कामासाठी दोन दारं.
• ज्या बाजूला मतदार कमी, त्या बाजूकडं लक्ष कमी जाईल.
• फक्त कॉर्नवॉलचं म्हणणं मांडणारा आवाज संसदेत पातळ होईल.
• हजार वर्षांची हद्द एका आकड्यासाठी पुसू नये. हद्द राखायची म्हणून खासदार थोडे कमी मिळाले तरी चालतील, असंही काहींचं म्हणणं होतं.

दुसऱ्या बाजूचं म्हणणंही अगदीच चुकीचं नव्हतं. एका ठिकाणी ६० हजार मतदारांना एक खासदार आणि दुसरीकडं ९० हजारांना एक, तर मताची किंमत सारखी कशी राहणार? शिवाय युरोपीय संसदेच्या निवडणुकीत कॉर्नवॉल आणि प्लिमथचा जोड मतदारसंघ आधी होताच, हेही दाखवलं गेलं. त्यावेळचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन तर म्हणाले, की तमर ही काही अ‍ॅमेझॉन नदी नाही. हे बोलणं कॉर्नवॉलच्या लोकांना चांगलंच झोंबलं.

बेटाला सूट, कॉर्नवॉलला नाही

कायदा संसदेत असतानाच दक्षिणेकडच्या आइल ऑफ वाइट या बेटाला सूट मिळाली. बेटाचा मतदारसंघ समुद्रापलीकडं जोडायचा नाही, असं कायद्यातच लिहिलं गेलं. कॉर्नवॉलसाठीही दुरुस्ती मांडली गेली, पण ती मंजूर झाली नाही.

इथंच खरा फरक पडला. एकदा कायदा झाल्यावर सीमा आयोगाचे हात बांधलेले होते. आयोगानं सुनावण्या घेतल्या, हरकती ऐकल्या. कुठली गावं जोडायची हे बदलता येत होतं, पण जोडायचंच नाही असं आयोगाला म्हणता येत नव्हतं.

पुढं काय झालं?

२०१३: आघाडीतल्या दोन पक्षांचं बिनसलं आणि संसदेनं पुनर्रचना २०१८ पर्यंत पुढं ढकलली. डेव्हनवॉल टळला.

२०१४: ब्रिटन सरकारनं कॉर्निश लोकांना 'राष्ट्रीय अल्पसंख्याक' म्हणून मान्यता दिली. मोहिमेला नवा आधार मिळाला.

२०१६: जुन्याच नियमानं नवा आराखडा आला. डेव्हनचं बिडफर्ड आणि कॉर्नवॉलची ब्यूड व लॉन्सेस्टन ही गावं एकत्र करायचं ठरलं. पुन्हा विरोध झाला.

२०१८: आयोगाचा अंतिम अहवाल आला, पण सरकारनं तो संसदेत मंजुरीला आणलाच नाही.

२०२०: नवा कायदा झाला. जागा ६०० ऐवजी ६५० च राहिल्या. सरासरी ७३,३९३ वर आली आणि कॉर्नवॉलचा हिशेब बरोबर सहा जागांत बसला. २०२४ ची निवडणूक याच सहा जागांवर झाली आणि एकही मतदारसंघ नदीपलीकडं गेला नाही.

मग लढाई जिंकली का?

शीव राहिली, पण कायद्याचं संरक्षण मिळालं नाही. २०२० च्या कायद्यातही सूट मिळाली ती बेटांच्या पाच मतदारसंघांनाच. कॉर्नवॉल त्यात नाही. पुढचा अहवाल २०३१ मध्ये यायचा आहे. तेव्हा मतदारांचा आकडा पुन्हा अधेमधे अडकला, तर डेव्हनवॉलचा विषय परत निघू शकतो. लोकांनी विषय दहा वर्षं जागता ठेवला हे खरं, पण शेवटी शीव वाचली ती आकडा जुळला म्हणून.

आपल्याकडं काय नियम आहे?

भारतात २००२ च्या परिसीमन कायद्यानुसार मतदारसंघ शक्यतो सलग असावा. डोंगर-नद्या, प्रशासकीय हद्दी, दळणवळण आणि लोकांची सोय बघावी, असंही कायदा सांगतो. ब्रिटनसारखी ५ टक्क्यांची पक्की मर्यादा या कायद्यात नाही.

तरीही हद्दी ओलांडल्या जातात. २००८ च्या पुनर्रचनेत तयार झालेला मावळ लोकसभा मतदारसंघ घाटाच्या दोन्ही बाजूंना आहे. पनवेल, कर्जत, उरण हे रायगडचे, तर मावळ, चिंचवड, पिंपरी हे पुण्याचे. माढा मतदारसंघात सोलापूरच्या चार विधानसभा जागांबरोबर साताऱ्याचे फलटण आणि माण आहेत.

परिसीमन आयोग आधी प्रारूप प्रसिद्ध करतो, हरकतींसाठी तारीख देतो आणि जाहीर बैठका घेतो. अंतिम आदेश निघाला की त्याला कायद्याचं बळ येतं. जिल्हा परिषदेचे गट आणि पंचायत समितीचे गण पाडतानाही आधी प्रारूप लागतं आणि हरकती मागवल्या जातात.

म्हणून गावकऱ्यांनी प्रारूप लागल्याबरोबर नकाशा आणि गावांची यादी तपासावी. आपलं गाव कुठं टाकलंय ते बघावं. हरकत मुदतीत आणि लेखी द्यावी. 'आमच्यावर अन्याय झाला' एवढंच लिहून भागत नाही. मधे नदी आहे का, रस्ता कुठून जातो, तहसील आणि बाजार कुठल्या बाजूला आहे, लोकसंख्या किती, हे सगळं लिहावं. जमलं तर गाव कुठं जोडलं म्हणजे हिशेब बसेल, तेही सुचवावं. आणि नियमच बदलत असेल, तर तो बदलण्याआधी आमदार-खासदारांना गाठावं. कॉर्नवॉलची दुरुस्ती त्याच टप्प्यावर पडली, आणि पुढची दहा वर्षं लोकांना लढावं लागलं.