माळ्यावरचे खलनायक

घटस्थापनेआधी दसरा काढणं म्हणजे काय, हे निलंग्याच्या बाईला सांगायला नको. गोधड्या, चादरी, भांडीकुंडी, सगळं घर अंगणात येतं. यंदा आमच्या गटातल्या एका घरी माळ्यावरून बिस्किटाचा पत्र्याचा डबा खाली आला. आत प्लास्टिकचे सात बाहुले होते. एकाच्या तोंडाच्या जागी कवटी, दुसऱ्याच्या छातीवर फणा काढलेला नाग, तिसऱ्याचा हात मोडलेला. सासूबाई म्हणाल्या, "घट बसायचेत अन् घरात ही भुतं? टाक की गं उकिरड्यावर." सुनेनं पुण्यातल्या धाकट्या दिराला फोन लावला. तो म्हणाला, "वहिनी, बाकी काहीही टाका, तेवढा डबा टाकू नका."

गटाच्या बैठकीत हा विषय निघाला आणि आम्ही दोन तट पडलो. मग ठरवलं, आधी हे बाहुले आले कुठून ते तरी पाहू.

गोष्ट सुरू होते अमेरिकेत, १९६४ साली. हॅस्ब्रो कंपनीनं जी. आय. जो नावाचा सैनिक बाजारात आणला. तो होता बाहुलाच, पण मुलगा बाहुली खेळतो म्हटलं तर आई-बाप घेणार नाहीत, म्हणून त्याला नवं नाव दिलं, 'ॲक्शन फिगर'. म्हणजे "पोरगा असून बाहुली काय खेळतोस?" हे फक्त आपल्याच गल्लीत म्हणत नाहीत तर!

१९८२ साली हाच सैनिक बोटाएवढा लहान होऊन पुन्हा आला आणि त्याच्याबरोबर मार्व्हल कंपनीनं त्याचं कॉमिकही काढलं. कंपनीकडे सगळे चांगलेच शिपाई होते. कॉमिकवाल्यांनी विचारलं, यांनी लढायचं कुणाशी? त्या प्रश्नातून 'कोब्रा' ही दुष्टांची टोळी जन्मली. छातीवर नाग असलेला आपल्या डब्यातला बाहुला त्याच टोळीतला. त्याच वर्षी मॅटेल कंपनीनं ही-मॅन आणला. त्याच्या खोक्यात छोटं कॉमिक असायचं आणि त्याचा वैरी होता कवटीच्या तोंडाचा स्केलेटॉर.

ही खेळणी आपल्याकडे कशी आली? त्या काळी परदेशी माल आणण्यावर कडक बंधनं होती, म्हणून परदेशी साचे आणून खेळणी इथेच बनवली जात. १९८७ साली एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांनी मिळून फनस्कूल कंपनी काढली. तिचा कारखाना आपल्या शेजारच्या गोव्यात. स्केलेटॉर आला लिओ-मॅटेलच्या नावानं.

१९८७ हे साल आणखी एका गोष्टीसाठी आपल्या लक्षात आहे. २५ जानेवारीला दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झालं. रविवारी सकाळी रस्ते ओस पडायचे. अरविंद त्रिवेदींचा रावण पाहून पोरं खराट्याच्या काड्यांचे बाण करून गल्लीत लढायची. पण राम व्हायला दहा जण पुढे, रावण व्हायला कुणीच नाही. या दिराचंही तेच झालं. तो सगळ्यांत बारका, म्हणून दरवेळी रावण त्यालाच करायचे. पुढे बाहुले आले तेव्हाही नायक मोठ्या पोरांच्या हाती गेले. यानं गोट्या देऊन खलनायक घेतले आणि एकेक करत डबा भरला. "माझ्याशिवाय खेळ सुरूच व्हायचा नाही," असं तो फोनवर हसत म्हणाला. सुनेनं हे सांगितलं तेव्हा बैठकीत आम्ही थोडा वेळ गप्प झालो.

आज फनस्कूलच्या जुन्या बाहुल्यांना परदेशातले संग्राहकही शोधतात. साचा तोच असला तरी आपल्याकडच्या काही बाहुल्यांचे रंग अमेरिकेतल्यांपेक्षा वेगळे निघाले, म्हणून त्यांचं अप्रूप.

आता सासूबाईंचा प्रश्न. घरात राक्षस ठेवावा का? त्याच गोव्यात दिवाळीला पोरं नरकासुराचे भलेमोठे पुतळे करतात आणि नरक चतुर्दशीच्या पहाटे जाळतात. तिथून जवळच, सिंधुदुर्गातल्या पिंगुळीला, ठाकर समाजातले कलावंत कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्यांचे खेळ करत आले आहेत. ते रामाबरोबर रावणालाही जपतात, कारण रावण नसेल तर रामायण सांगायचं कसं? या कलेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. म्हणजे राक्षस जाळायचीही रीत आपली आणि जपायचीही.

आणि जपण्याचं मोल कळायला पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहावं. दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, वज्र्या, फण्या, बाहुल्या अशा घरातल्याच वस्तू आयुष्यभर गोळा केल्या. पत्नी कमलाबाईंनी त्यांना साथ दिली. लहानपणीच गेलेल्या राजा या मुलाचं नाव त्यांनी संग्रहाला दिलं आणि १९७५ साली तो सरकारच्या हवाली केला. बायकांच्या हातातल्या या वस्तू कुणी 'टाक उकिरड्यावर' म्हणून फेकल्या असत्या, तर आपल्या आज्या-पणज्या कशा जगल्या हे आज कुणाला कळलं असतं?

आपल्या भागाला हे जास्त कळायला हवं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला, तेव्हा माणसांबरोबर घराघरातल्या पेट्या, फोटो, लेकरांची खेळणीही ढिगाऱ्याखाली गेली. त्यातलं काही पुन्हा मिळालं नाही. जे उरलंय ते तरी आपल्या हातानं टाकू नये.

म्हणून आमचं एवढंच सांगणं. दसरा काढताना असा डबा सापडला तर आधी ज्याचा आहे त्याला विचारा. वस्तू कोरड्या कापडानं पुसा, तान्ह्या लेकरांच्या हाताला लागू देऊ नका. आत एक चिठ्ठी ठेवा: कुणाचं खेळणं, कुठून घेतलं, कोणत्या साली.

त्या घरचा डबा पुन्हा माळ्यावर गेला. चिठ्ठी सुनेनं लिहिली. सासूबाईंनी मात्र तिला बजावलं, "ठेव, पण देवघराच्या डोक्यावर नको." आणि मग आपल्या लहानपणच्या चिंधीच्या बाहुलीची गोष्ट सांगत बसल्या. ती बाहुली कुणी जपली नाही. गोष्ट तेवढी आम्ही लिहून घेतली आहे.